सर हंफ्रे डेव्ही व जहाजांचें तांबें

इंग्लंडच्या नैऋत्य टोकास कॉर्नवॉल नांवाचा एक चिंचोळा प्रांत आहे. त्याच्या बहुतेक सर्व बाजूंस समुद्र असून जमिनीच्या पोटांत तांबें व कथील ह्यांच्या जुन्या खाणी आहेत. ह्या प्रांतांतील पेन्झान्स नामक बंदराच्या गांवीं ता. १७ डिसेंबर १७७८ रोजीं हंफ्रे डेव्हीचा जन्म झाला. त्याचा बाप रॉबर्ट हा लांकडावर कोरीव काम करणारा कारागीर होता. हंफ्रे हा पांच भावंडांत वडील. शाळेंत त्याची गणना हुशार विद्यार्थ्यांत होत असे असें नाहीं. परंतु गोष्टी रचून सांगण्यांत, मासे धरण्यांत आणि घरच्या घरीं शोभेची दारू करण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बाजारांत एखाद्या गाडीवर उभें राहून तो सोबत्यांना गोष्टी सांगूं लागला म्हणजे मुलांची गर्दी जमे.

डेव्हीचें नांव आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेलेलें असतें तें खाणींतील दिव्यामुळें. 'डेव्हीचा दिवा' हा पाठ शालेय पुस्तकांतून पुष्कळदां येतो. परंतु त्याच्या आयुष्यांतील एक प्रकरण पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतें, आणि तें म्हणजे जहाजांच्या तांब्याचें. त्यांत यशही आहे आणि अपयशही आहे, व दोन्हीं एकाच कारणापासून निघालेलीं आहेत. म्हणून त्याच्या चरित्रांतील इतर भाग आटोपशीर सांगून ह्या भागाकडे अधिक लक्ष देण्याचा माझा विचार आहे.

इ. स. १७९४ मध्यें बाप वारला. मागें सुमारें १३०० पौंडांचें कर्ज होतें. आई ग्रेस ही धीराची बाई. तिनें गांवांत बायकांच्या टोप्या व कपडे विकण्याचें दुकान चालवून कर्ज फेडलें व मुलें वाढविलीं. आपला उनाडपणा आईला किती महाग पडतो हें हंफ्रेच्या लक्षांत त्या वर्षीं आलें असावें. कारण त्यानंतर तो अगदीं बदलला. दुसऱ्याच वर्षीं त्याला बोर्लेस नांवाच्या शस्त्रवैद्याकडे उमेदवार म्हणून ठेवण्यांत आलें. वैद्याच्या औषधांच्या बाटल्या, स्वयंपाकघरांतील भांडीं आणि माळ्यावरची एक खोली एवढ्या सामग्रीवर त्यानें रसायनशास्त्राचे प्रयोग आरंभिले. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए ह्याचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ त्यानें वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास वाचला, आणि वाचतां वाचतांच त्यांतील मतांशीं वाद घालावयास सुरुवात केली.

ह्याच दिवसांत डेव्हीस गिडी नांवाच्या एका सुशिक्षित गृहस्थाची नजर ह्या मुलावर पडली. गिडीनें त्याला आपलीं पुस्तकें वाचावयास दिलीं व जवळच्या हेल बंदरांतील एका डॉक्टरांच्या प्रयोगशाळेंत नेलें. हेल येथें तांबें गाळण्याचा मोठा कारखाना होता. तेथील बंदरांत भरतीचें पाणी अडविण्यासाठीं दरवाजे बसविलेले होते व त्यांत लोखंड आणि तांबें हीं एकमेकांस लागून होतीं. नुसतें लोखंड समुद्राच्या पाण्यांत गंजतें हें कोणालाही ठाऊक होतें. परंतु येथें तांब्याच्या शेजारचें लोखंड विलक्षण झपाट्यानें खाल्लें जात होतें. असें कां व्हावें हें त्या वेळीं कोणालाच सांगतां येईना. त्या तरुण उमेदवारानें तें पाहिलें आणि तो घरीं परतला. पुढें पंचवीस वर्षांनीं ह्याच प्रश्नानें त्याला गांठलें.

इ. स. १७९८ मध्यें, वयाला वीस वर्षेंही पूर्ण झालीं नव्हतीं तोंच, ब्रिस्टल येथील डॉक्टर बेडोज ह्यांनीं आपल्या वायुचिकित्सालयांत प्रयोगशाळेची व्यवस्था पाहण्यासाठीं डेव्हीला बोलाविलें. निरनिराळे वायु हुंगवून क्षय, दमा इत्यादि रोग बरे होतात कीं काय हें तेथें पाहावयाचें होतें. डेव्ही ते वायु स्वतःच हुंगून पाही, व एकदोन वेळां त्यामुळें तो मरतां मरतां वाचला. ज्याला पुढें 'हांसविणारा वायु' असें नांव पडलें त्या वायूनें आपली दाढदुखी थांबली असें त्याला आढळलें, आणि शस्त्रक्रियेच्या वेळीं ह्याचा उपयोग व्हावा अशी सूचना त्यानें १८०० सालच्या आपल्या पुस्तकांत करून ठेविली. परंतु तिच्याकडे वैद्यांचें लक्ष जाण्यास १८४४ साल उजाडावें लागलें. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत किती रोग्यांनीं शुद्धीवर असतांना सुरीखालीं आक्रोश केला असेल ह्याचा हिशेब कोणीं ठेविला आहे?

१८०१ मध्यें तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें आला. तेथील त्याचीं व्याख्यानें ऐकण्यास इतकी गर्दी होऊं लागली कीं रस्ता गाड्यांनीं भरून जाई. व्होल्टानें १८०० सालीं प्रसिद्ध केलेल्या विद्युत्घटमालेचा उपयोग करून डेव्हीनें पदार्थांचे घटक वेगळे करण्याचा सपाटा लाविला. १८०७ च्या आक्टोबर महिन्यांत वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडतांच चकाकणारे पाऱ्यासारखे थेंब बाहेर पडले व त्यांतील कांहीं भडकन् पेटले. तें पाहून डेव्ही प्रयोगशाळेंत नाचूं लागला, असें त्याचा मदतनीस चुलतभाऊ सांगत असे. तो धातु म्हणजे पोटॅशियम. थोड्याच दिवसांत सोडियम आणि पुढच्या वर्षीं कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम व मॅग्नेशियम हे धातु त्यानें वेगळे केले. ह्यामागील त्याचा सिद्धांत असा होता कीं पदार्थांना एकमेकांशीं जोडणारी जी रासायनिक ओढ तिचें मूळ विजेंतच आहे. इंग्लंड व फ्रान्स ह्यांमध्यें युद्ध चालू असतांही पॅरिसच्या विद्वत्परिषदेनें ह्या इंग्रजाला बक्षीस दिलें. १८१२ मध्यें त्याला 'सर' हा किताब मिळाला, एका श्रीमंत विधवेशीं त्याचा विवाह झाला, आणि त्याच वर्षीं एका स्फोटक द्रव्याच्या प्रयोगांत त्याच्या डोळ्याला इजा झाली. लिहिण्यास मदतनीस पाहिजे म्हणून त्यानें पुस्तकें बांधणाऱ्या एका गरीब उमेदवारास जवळ घेतलें. तो मायकेल फॅरडे.

दिव्याची हकीकत बहुतेकांस माहीत आहे. १८१२ मध्यें फेलिंग येथील कोळशाच्या खाणींत ज्वालाग्राही वायूचा स्फोट होऊन ९२ माणसें व मुलें मेलीं. १८१५ मध्यें डेव्ही त्या प्रदेशांत गेला आणि कांहीं महिन्यांतच त्यानें ज्योतीभोंवतीं तारेची बारीक जाळी असलेला दिवा तयार केला. जाळी उष्णता शोषून घेते व ज्वाला बाहेर पडूं देत नाहीं. जॉर्ज स्टीफन्सन ह्यानेंही त्याच सुमारास वेगळा दिवा शोधून काढला होता व त्यावरून कडू वाद झाला. डेव्हीनें दिव्याचें पेटंट घेतलें नाहीं. घेतलें असतें तर तो फार श्रीमंत झाला असता. परंतु दिवा हातीं आल्यावर कांहीं खाणमालकांनीं पूर्वीं धोक्याच्या म्हणून सोडून दिलेल्या जागांतही माणसें उतरविलीं, व अपघात अपेक्षेप्रमाणें कमी झाले नाहींत. एखादी वस्तु सुरक्षित केली म्हणजे तीवर विसंबणारीं माणसें आपोआप सुरक्षित होतातच असें नाहीं. ही गोष्ट डेव्हीला पुन्हां एकदां, आणि अधिक कटुपणें, भोगावी लागली.

आतां तांब्याकडे वळूं.

त्या काळचीं जहाजें लांकडाचीं असत. समुद्रांत टेरेडो नांवाचा एक प्राणी आहे. लोक त्याला किडा म्हणतात, पण खरें पाहतां तो शिंपल्याच्या जातीचा आहे. अंग लांब व मऊ, आणि डोक्याकडे करवतीप्रमाणें दांते असलेल्या दोन लहान शिंपा. लांकडाला टांचणीच्या डोक्याएवढें छिद्र पाडून तो आंत शिरतो आणि आंतून लांकडाचें मोहोळ करून टाकतो. बाहेरून फळी अखंड दिसते व एके दिवशीं तिच्यावर पाय ठेवला कीं ती कोसळते. १७३१ च्या सुमारास हॉलंडमधील समुद्राच्या बांधांचीं लांकडें ह्या प्राण्यानें पोखरून साऱ्या देशाला धडकी भरविली होती. दुसरा शत्रु म्हणजे शेवाळ व शिंपले. जहाजाच्या तळाशीं ते दाट चिकटले म्हणजे जहाज जड होतें व पाणी कापीत नाहीं.

ह्या दोन्ही शत्रूंवर तोड म्हणून ब्रिटिश आरमारानें १७६१ मध्यें 'अलार्म' नांवाच्या लढाऊ जहाजाच्या तळास तांब्याचे पातळ पत्रे ठोकून तें वेस्ट इंडीजच्या उष्ण समुद्रांत पाठविलें. जहाज १७६३ मध्यें परत आलें तेव्हां लांकूड शाबूत होतें व तळ स्वच्छ होता. परंतु तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे मात्र कुजक्या पिठासारखे झाले होते. त्यांतही एक चमत्कार आढळला. पत्रे ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते तो कागद कांहीं ठिकाणीं काढावयाचा राहून गेला होता. तेथील खिळे चांगले होते! कागदामुळें तांब्याचा व लोखंडाचा स्पर्श झाला नव्हता. १७७९ पासून आरमाराचीं जहाजें सर्रास तांब्यानें मढविण्यांत येऊं लागलीं, व पुढें लोखंडाऐवजीं तांब्याच्या मिश्र धातूचे बोल्ट वापरण्यांत आले.

आपल्या मुंबईचाही ह्या कथेशीं संबंध आहे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील पारशी कारागीर सागवानाचीं उत्कृष्ट जहाजें बांधीत असत व तीं ब्रिटिश आरमारांत जात. सागवान टिकाऊ खरें, परंतु त्यालाही तांब्याचें चिलखत लागे. १८१२ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन जहाजानें 'जाव्हा' नांवाचें एक इंग्रजी जहाज पकडलें. त्यावर मुंबईस बांधल्या जात असलेल्या 'कॉर्नवॉलिस' जहाजाकरितां पाठविलेलें तांबें होतें. तें तांबें आलें नाहीं तरी 'कॉर्नवॉलिस' १८१३ मध्यें पाण्यांत उतरलें, आणि १८४२ चा इंग्रज व चीन ह्यांमधील नानकिंगचा तह त्याच जहाजावर झाला.

तर असें हें तांबें उपयोगी होतें. परंतु तें महाग होतें आणि झिजत होतें. कांहीं जहाजांचे पत्रे बरींच वर्षें टिकत, कांहींचे लवकरच चाळणीसारखे होत. तांबें भेसळीचें असतें कीं काय असा आरमारखात्याला संशय आला व १८२३ मध्यें त्यानें रॉयल सोसायटीचा सल्ला मागितला. त्या वेळीं सोसायटीचा अध्यक्ष डेव्ही होता. १८२० पासून तो त्या पदावर होता, आणि इंग्लंडांतील शास्त्रज्ञांत त्याच्याहून मोठें नांव दुसरें नव्हतें. त्यानें हें काम दुसऱ्यावर न टाकतां स्वतः हातीं घेतलें.

आमच्या वाचक भगिनींना ह्यांतील रसायनशास्त्र चटकन् समजेल. कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यांत ताक किंवा चिंचेचें सार ठेवलें तर तें कळकतें, हिरवें पडतें व खाण्यास अपायकारक होतें. समुद्राच्या पाण्यांत तांब्याचें तसेंच होतें. डेव्हीनें अगदीं शुद्ध तांबें समुद्राच्या पाण्यांत ठेवून पाहिलें, तेंही झिजलें. म्हणजे दोष भेसळीचा नव्हता. पाण्यांत विरघळलेल्या हवेंतील प्राणवायु तांब्याशीं संयोग पावतो, त्याचे हिरवे क्षार बनतात आणि ते पाण्यांत वाहून जातात.

मग त्याला आपला जुना सिद्धांत आठवला. रासायनिक क्रिया विजेवर अवलंबून असेल, तर तांब्याची विद्युत्स्थिति बदलली म्हणजे ती क्रियाही थांबली पाहिजे. तांब्याला त्याच्याहून अधिक चटकन् गंजणारा धातु, जस्त किंवा लोखंड, जोडला तर समुद्राचें पाणी त्या धातूला खाईल आणि तांब्याला सोडून देईल. हेलच्या दरवाजांत लोखंड कां खाल्लें जात होतें, 'अलार्म' जहाजाचे खिळे कां कुजले, ह्या दोन्ही कोड्यांचें उत्तर येथें होतें. लोखंड स्वतः मरून तांब्याला वांचवीत होतें. मग तें अपघातानें घडण्याऐवजीं जाणूनबुजून कां घडवूं नये?

वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा किंवा बारीक लोखंडी खिळ्याचें टोंक चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याचें रक्षण करूं शकतें असें त्याला आढळलें. नंतर त्यानें पोर्टस्मथच्या गोदींत मोठ्या पत्र्यांवर प्रयोग केले. रक्षक धातूचें क्षेत्रफळ तांब्याच्या १/४० पासून १/१५० पर्यंत असलें तर तांब्याचें वजन मुळींच घटत नसे. १/२०० ते १/४०० असलें तर थोडें घटे. ता. २२ जानेवारी १८२४ रोजीं त्यानें आपला निबंध रॉयल सोसायटीपुढें वाचला. एवढा मोठा व्यावहारिक प्रश्न एका तत्त्वावरून, कागदावर विचार करून आणि कांहीं आठवड्यांच्या प्रयोगांनीं सुटावा, हें त्यापूर्वीं क्वचितच घडलें होतें. विद्वानांनीं वाहवा केली. आरमारखात्यानेंही उशीर केला नाहीं. हिंदुस्थानांत कोचीन येथें बांधलेल्या 'समरंग' नांवाच्या लढाऊ जहाजाला १८२४ च्या मार्चमध्यें बिडाचे रक्षक बसविण्यांत आले व तें उत्तर अमेरिकेकडे रवाना झालें. इतर जहाजांसही रक्षक बसवावे असें ठरलें. त्या उन्हाळ्यांत डेव्ही स्वतः 'कॉमेट' नांवाच्या आगबोटीवर बसून नॉर्वे-डेन्मार्ककडे प्रयोग करीत फिरला. समुद्र लागून तो बराच आजारी पडला, परंतु प्रयोग सोडले नाहींत.

ह्याच जानेवारी महिन्यांतील आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती चरित्रनायकास शोभणारी नाहीं. त्याच्याच प्रयोगशाळेंत वाढलेल्या फॅरडेला रॉयल सोसायटीचा सभासद करून घेण्याची सूचना आली होती व डेव्हीनें तिला विरोध केला. ता. ८ जानेवारी १८२४ रोजीं फॅरडे निवडून आला. विरुद्ध मत एकच पडलें. शिष्य आपल्या पुढें जातो ही जाणीव सहन करणें कठिण असतें. आम्हां शिक्षकांना हें ठाऊक आहे. फॅरडेनें मात्र पुढें जन्मभर डेव्हीविषयीं आदरानेंच बोलण्याचें सोडलें नाहीं.

'समरंग' परत आलें. १८२५ च्या आरंभीं तें गोदींत घेऊन पाहतात तों तांबें उत्तम स्थितींत! झीज जवळजवळ नाहींच. सिद्धांत अक्षरशः खरा ठरला होता. परंतु दुसऱ्या जहाजांकडून जे वृत्तांत येऊं लागले ते फार वेगळे होते. ज्या जहाजांचें तांबें सर्वांत चांगलें राहिलें होतें, त्यांच्याच तळाशीं शेवाळाचें रान माजलें होतें व शिंपल्यांचे थर चढले होते. जहाजें मंद झालीं, वळेनात. कप्तान संतापले.

कारण काय? बोटांवर मोजण्यासारखें सोपें आहे, पण तें घडून गेल्यावर. तांबें झिजत होतें म्हणजे काय होत होतें? त्याचे विषारी क्षार थोडे थोडे पाण्यांत उतरत होते. समुद्रांतील सूक्ष्म अंकुर व शिंपल्यांचीं पिलें तळाला चिकटावयास येत आणि त्या विषानें मरत, किंवा झिजणाऱ्या थराबरोबरच गळून पडत. तांब्याची झीज हाच तळाच्या स्वच्छतेचा उपाय होता. डेव्हीनें झीज थांबविली आणि तिच्याबरोबर विषही थांबलें. शिवाय रक्षित तांब्यावर समुद्रांतील चुन्याचा व मॅग्नेशियाचा पातळ लेप बसूं लागला व तो शिंपल्यांना घर करण्यास आयताच मिळाला. तांब्याचें काम जहाजाला वांचविण्याचें होतें. डेव्हीनें जहाज बाजूला ठेवून तांब्याला वांचविलें. आरमारखात्यानें त्याला तांब्याच्या झिजेविषयीं विचारलें होतें, आणि विचारलेल्या प्रश्नाचें त्यानें बिनचूक उत्तर दिलें होतें.

माझ्या मतें त्याच्याकडून चूक झाली ती तत्त्वांत नव्हे, घाईंत झाली. चिकटणाऱ्या जीवांचा धोका त्याच्या नजरेस थोडाफार आला होता. अतिशय रक्षण केलेल्या पत्र्यावर थर बसतो हें त्यानें स्वतःच नोंदलें होतें व रक्षकाचें प्रमाण कमी करून मधला मार्ग शोधण्याचा त्याचा प्रयत्न चालू होता. परंतु बंदरांतील थोड्या महिन्यांचा अनुभव आणि उष्ण समुद्रांतील लांबचा प्रवास ह्यांत फार अंतर आहे. एकदोन जहाजें दोन वर्षें फिरवून आणलीं असतीं तर सर्व उघड झालें असतें. तेवढी वाट पाहिली गेली नाहीं. १८२५ च्या जुलैमध्यें समुद्रांत जाणाऱ्या जहाजांवरील रक्षक काढून टाकण्याचा हुकूम सुटला. वर्तमानपत्रांनीं अध्यक्षमहाशयांची टर उडविली. ज्यांना पूर्वींपासून त्याचा गर्व खुपत होता त्यांना आयतीच संधि मिळाली.

हा घाव त्याच्या जिव्हारीं लागला. १८२६ च्या सप्टेंबरांत त्याची आई वारली, आणि वर्षाच्या अखेरीस त्याला अर्धांगाचा झटका आला. १८२७ मध्यें त्यानें अध्यक्षपद सोडलें. त्या जागीं बसला तो डेव्हीस गिल्बर्ट. म्हणजेच ज्यानें नांव बदलण्यापूर्वीं, गिडी असतांना, पेन्झान्सच्या त्या पोराला हेलचे दरवाजे पाहावयास नेलें होतें तो. डेव्ही प्रकृतीसाठीं युरोपांत फिरत राहिला, नद्यांच्या कांठीं मासे धरीत बसे, आणि त्यावर त्यानें एक पुस्तकही लिहिलें. ता. २९ मे १८२९ रोजीं जिनिव्हा येथें वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षीं त्याचा अंत झाला व तेथेंच त्याला पुरण्यांत आलें.

परंतु तांब्याची हकीकत येथें संपत नाहीं. १८३२ मध्यें मंट्झ नांवाच्या बर्मिंगहॅमच्या कारखानदारानें तांबें व जस्त ह्यांचा असा मिश्र धातु काढला कीं तो स्वस्त पडे, फार झिजतही नसे, आणि तरीही तळ स्वच्छ राहील इतपत झिजे. डेव्ही जो मधला मार्ग शोधीत होता तो हाच. दुसरीकडे, समुद्रावर जो गुण आरमाराला परत हवा होता तोच गुण जमिनीवरील लांकडासाठीं कामास आणण्याचा विचार लोक करूं लागले. जमिनींत पुरलेलीं लांकडें बुरशीनें कुजतात. १८३२ मध्यें कायन नांवाच्या गृहस्थानें लांकूड पाऱ्याच्या एका जहाल क्षारांत भिजविण्याचें पेटंट घेतलें, आणि १८३३ च्या फेब्रुवारींत फॅरडेनें त्या कृतीवर व्याख्यान दिलें. लांकूड टिके, परंतु तें विष हाताळणाऱ्या कामगारांच्या जिवाशीं गांठ होती, व किंमतही फार पडे. १८३७ मध्यें मार्गरी ह्यानें पाऱ्याऐवजीं मोरचूद वापरण्याचें पेटंट घेतलें, आणि लौकरच फ्रान्समधील बोर्डो शहरच्या बुशरी नांवाच्या डॉक्टरानें ताज्या तोडलेल्या खोडाच्या एका टोंकाकडून मोरचुदाचें पाणी आंत ढकलून दुसऱ्या टोंकानें झाडाचा रस बाहेर काढण्याची युक्ति बसविली. फ्रान्समधील तारायंत्राचे असंख्य खांब ह्या रीतीनें तयार झाले. आजही हिरवे बांबू टिकविण्यासाठीं ही युक्ति थोडी सुधारून वापरतात.

मोरचुदांत एक उणीव होती. तो पाण्यांत विरघळतो, म्हणून पावसानें लांकडांतून धुपून जातो. ही अडचण दूर केली ती आपल्याच देशांत. डेहराडून येथील वनसंशोधनसंस्थेंत सोंटी कामेशम् ह्यांनीं १९३३ मध्यें तांबें, क्रोमियम व सोमल ह्यांचें मिश्रण काढलें; क्रोमियममुळें तांबें लांकडाच्या तंतूंस घट्ट धरून बसतें व सोमलामुळें वाळवीही दूर राहते. हें मिश्रण जगभर पसरलें व विजेचे, टेलिफोनचे खांब, कुंपणें, घराचे ओटे ह्यांसाठीं कित्येक दशकें वापरलें गेलें. पुढें सोमलाचें भय वाटूं लागलें. ज्या पाळण्यावर व घसरगुंडीवर मुलें खेळतात त्या लांकडांत सोमल असावें हें आईबापांना रुचेना. २००३ च्या अखेरीस अमेरिकेंतील उत्पादकांनीं घरगुती लांकडासाठीं त्याचा वापर आपण होऊन बंद केला, व सोमल नसलेलीं तांब्याचीं नवीं मिश्रणें त्याच्या जागीं आलीं. माणसाला त्यांचा धोका कमी. तरी तांबें निर्दोष आहे असें समजूं नये; तें पाण्यांत उतरलें तर मासे व जलचर ह्यांना बाधतें, आणि कांहीं जातींच्या बुरशी त्याला दाद देत नाहींत.

शिवाय ह्या नव्या लांकडाच्या बाबतींत सुतारांना एक ताकीद देण्यांत येते. त्यांत तांबें अधिक असतें व तें धरून ठेवणारें क्रोमियम नसतें. म्हणून त्यांत साधा लोखंडी खिळा ठोकला व लांकूड ओलें झालें कीं खिळा झपाट्यानें खाल्ला जातो. त्यासाठीं जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे खिळे वापरावे लागतात. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत दर वर्षीं मी मुलांना मोरचुदाच्या निळ्या पाण्यांत एक लोखंडी खिळा टाकून दाखवितों. अर्ध्या घटकेंत खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि पाण्याचा निळा रंग फिका पडूं लागतो. खिळ्याला तांब्याचा मुलामा मिळाला असें समजून मुलें खूष होतात. खिळा बाहेर काढून पुसला म्हणजे खालचें लोखंड खरबरीत झालेलें दिसतें, व मग एखादा मुलगा विचारतो कीं, गुरुजी, तेवढें लोखंड गेलें कोठें.

आणि डेव्हीचे रक्षक? लांकडी जहाजांवरून ते काढले गेले. पण जहाजें लोखंडाचीं झाल्यावर ते परत आले. आज कोणतेंही मोठें जहाज कोरड्या गोदींत घेतलें असतां त्याच्या पोलादी तळावर, विशेषतः पंख्याच्या व सुकाणूच्या आसपास, जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे बसविलेले आढळतात. ते खाल्ले जाण्यासाठींच असतात, व झिजले कीं बदलतात. त्याच तळावर रंग दिलेला असतो, आणि त्या रंगांत पुष्कळदां तांब्याचें संयुग असतें. मध्यंतरीं कथिलाच्या एका संयुगाचे रंग फार चालले होते. परंतु त्यांनीं समुद्रांतील शिंपल्यांच्या जातींना अपाय होतो असें दिसून आल्यावर २००१ मध्यें झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें २००८ पासून ते बंद झाले, व जहाजवाले पुन्हां तांब्याकडे वळले. पोलादाचें रक्षण जस्त करतें आणि तळ स्वच्छ राहतो तो तांब्यामुळें. हे दोन्ही धातु एकमेकांस लागूं नयेत म्हणून रंगाऱ्यानें आधीं मध्यें एक वेगळा थर द्यावयाचा असतो. 'अलार्म' जहाजावर तपकिरी कागद होता त्या जागीं.